पातेल्याच्या मापाचा फ्रीज

फ्रीज घ्यायला दुकानात गेलं की विक्रेत्याचा पहिला प्रश्न ठरलेला: "घरात माणसं किती?" आपण "चार" म्हटलं की तो आपल्याला अडीचशे-तीनशे लिटरच्या रांगेपुढे नेऊन उभं करतो. पण चार माणसांची घरं एकसारखी नसतात. एका घरी दोन्ही वेळा ताजं शिजतं आणि उरतं ते वाटीभर. दुसऱ्या घरी दोघंही नोकरी करतात, त्यामुळे रविवारी आठवड्याची भाजी निवडून, वाटणं करून डबे भरले जातात. तिसरं घर रत्नागिरीचं किंवा मालवणचं. तिथे बाजारात मासळी चांगली मिळाली की दोन-तीन वेळची आणून साफ करून ठेवतात. या तिघांना तीन वेगळे फ्रीज लागतील. म्हणून दुकानात जाण्याआधी आठवडाभर सध्याच्या फ्रीजवरच नजर ठेवा. कुठला कप्पा कायम कोंबलेला असतो, कुठला रिकामा राहतो आणि कशाकशाला "आता हे कुठे ठेवू?" असं म्हणावं लागतं, ते कागदावर टिपून घ्या. ही टिपणं विक्रेत्याच्या माहितीपत्रकापेक्षा जास्त उपयोगी पडतात.

बहुतेक शाकाहारी मराठी घरांत चित्र साधारण असं दिसतं: फ्रीजरमध्ये बर्फाचे ट्रे, मटाराची एक पिशवी आणि आइस्क्रीमचा एखादा डबा. खाली मात्र दुधाचं पातेलं, सायीचा डबा, विरजण, दुपारची आमटी, कणकेचा गोळा, इडलीचं पीठ, निवडलेली मेथी, खोवलेला नारळ आणि लोणच्याची बरणी यांची रेटारेटी. अशा घराला मोठा फ्रीजर म्हणजे वाया गेलेले पैसे. मासळी-मटण साठवणाऱ्या घराचं गणित बरोबर उलटं असतं.

आपलं अन्न राहतं गोल पातेल्यांत आणि फ्रीजचे कप्पे असतात चौकोनी. कोपऱ्यांतली जागा हाती लागत नाही, त्यामुळे कागदावरच्या लिटरांवर विसंबू नका. त्यातही एकूण लिटर आणि प्रत्यक्ष साठवणीचे लिटर हे दोन निराळे आकडे असतात. दाराच्या चौकटीवर मोठ्या अक्षरात लिहिलेला बहुधा एकूण लिटरांचा असतो. एक-दोन माणसांना 180 ते 200 लिटर, तीन-चार जणांना 230 ते 300, त्याहून मोठ्या कुटुंबाला 350 च्या पुढे, हा ठोकताळा सुरुवातीपुरता ठीक आहे. पण खरी परीक्षा उंचीची असते. घरातलं सर्वांत उंच पातेलं झाकणासकट मोजा. इडलीचं पीठ फुगतं त्या डब्याची उंचीही घ्या. दुकानात फळ्या काढून वर-खाली लावून पाहा. काही मॉडेलांत फळीला दोनच खाचा असतात. मग वरच्या फळीवर दुधाचं पातेलं मावत नाही आणि खालच्या फळीवर निम्मी हवा राहते. टेप नेण्याऐवजी सरळ पातेलंच पिशवीत घालून न्यायलाही हरकत नाही. विक्रेता हसेल, हसू द्या.

दाराचे कप्पेही असेच तपासा. दोन लिटरची बाटली उभी राहते का, दुधाच्या अर्ध्या लिटरच्या चार-पाच पिशव्या फ्रीजरखालच्या ट्रेमध्ये आडव्या मावतात का, हे पाहा. दाराचा भाग सर्वांत उबदार असतो, त्यामुळे दूध तिथे ठेवायचं नसतं. इन्सुलिनही दारात नको. ते 2 ते 8 अंशांत राहावं लागतं आणि गोठलं तर निकामी होतं. म्हणून ते फ्रीजरला किंवा मागच्या भिंतीला चिकटूनही ठेवू नये. घरात कुणाला मधुमेह असेल तर मधल्या फळीवर त्याच्यासाठी एका लहान डब्याची कायमची जागा काढता येईल असा फ्रीज बघा.

बर्फ धरणारा की न धरणारा

मोठा निर्णय इथे आहे. एका दाराचा डायरेक्ट कूल फ्रीज साध्या तत्त्वावर चालतो. वरच्या फ्रीजरच्या पेटीच्या भिंतीच गार होतात आणि गार हवा जड असल्यामुळे आपोआप खाली उतरते. पंखा नाही, हीटर नाही. त्यामुळे वीज कमी लागते, बिघडायला भाग कमी असतात आणि दुरुस्ती स्वस्त पडते. किंमतही कमी. तोटा एकच, पण नेमाने येणारा: फ्रीजरमध्ये बर्फ साचतो. मुंबईच्या किंवा कोकणच्या दमट हवेत तो लवकर साचतो, कारण दार उघडलं की बाष्पाने भरलेली हवा आत शिरते. अर्ध्या सेंटिमीटरहून जाड थर झाला की तो गारवा अडवू लागतो. तेव्हा डीफ्रॉस्टचं बटण दाबायचं, बर्फ वितळू द्यायचा आणि पाणी पुसायचं. घाई करून सुरीने बर्फ खरवडू नका. आतल्या पातळ पत्र्याला भोक पडलं की गॅस जातो, आणि असं नुकसान वॉरंटीत धरलं जाईल अशी आशा ठेवू नका.

फ्रॉस्ट फ्री फ्रीजमध्ये गार करणारी जाळी भिंतीआड लपलेली असते, पंखा तिच्यावरची हवा सगळीकडे फिरवतो आणि ठरावीक वेळाने एक छोटा हीटर जाळीवरचा बर्फ वितळवतो. ते पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरून सुकून जातं. आपल्याला काही करावं लागत नाही आणि गारवा सर्व कप्प्यांत बराचसा सारखा राहतो. पण ही फिरती हवा कोरडी असते. झाकण न लावलेल्या कणकेला पापुद्रा धरतो, उघडी कोथिंबीर दोन दिवसांत मान टाकते. घरात डब्यांना झाकणं लावायची सवय नसेल तर फ्रॉस्ट फ्री ती लावायला शिकवतो. मागच्या भिंतीतल्या हवेच्या झरोक्यांना पातेलं टेकलं तर त्या पातेल्यातलं कडेने गोठतं आणि पुढचं अन्न कोमट राहतं. फ्रीज नीट गार करत नाही या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच कारण असतं.

माझं मत विचाराल तर दोन माणसांच्या घराला, विद्यार्थ्यांच्या खोलीला, किंवा जिथे वीज वारंवार जाते आणि मेकॅनिक लांबून येतो अशा गावात डायरेक्ट कूलच घ्यावा. त्याला गरिबाचा फ्रीज म्हणून नाक मुरडण्याचं कारण नाही. साचलेला बर्फ वीज गेल्यावर थोडा वेळ गारवा धरूनही ठेवतो. चार-पाच माणसं असतील, रोज पंधरा-वीस डबे आत-बाहेर होत असतील आणि बर्फ काढायला कुणाला वेळ नसेल, तर फ्रॉस्ट फ्रीला पर्याय नाही.

फ्रीजर वर की खाली, हाही प्रश्न गुडघ्यांना आणि कंबरेला विचारावा. आपण दिवसातून वीसदा खालचा भाग उघडतो आणि फ्रीजर दोनदा. तरी फ्रीजर डोळ्यांसमोर आणि भाजीचा ड्रॉवर जमिनीलगत, अशीच रचना सर्रास दिसते. फ्रीजर खाली असलेली मॉडेलं महाग असतात, पण घरात वाकायला त्रास होणारी माणसं असतील तर ती किंमत सार्थकी लागते. फ्रीजरचा साधा फ्रीज करता येणारी, म्हणजे कन्व्हर्टिबल मॉडेलं शाकाहारी घरांना खरोखर उपयोगी आहेत. दिवाळीत किंवा लग्नघरात अचानक जागा लागते तेव्हा ती सोय कळते.

तारे मोजण्याआधी युनिट वाचा

ऊर्जा दक्षता ब्यूरोचं लेबल म्हणजे फ्रीजवरचा सर्वांत प्रामाणिक कागद. पण बहुतेक जण त्यातले तारे तेवढे पाहतात. ताऱ्यांचे निकष काही वर्षांनी कडक होत जातात. त्यामुळे जुन्या लेबलावरचे चार तारे नव्या निकषांत कमी भरू शकतात. लेबलवर त्याचा कालावधी छापलेला असतो, तो आधी वाचा. डिसेंबर-जानेवारीत जुन्या लेबलाचा माल काढून टाकण्यासाठी सवलती लागतात. त्यांत वाईट काही नसतं, फक्त आपण काय घेतोय ते माहीत असावं. शिवाय तारे आकार आणि प्रकार लक्षात घेऊन दिलेले असतात. त्यामुळे मोठ्या फ्रीजचे चार तारे लहान फ्रीजच्या तीन ताऱ्यांपेक्षा जास्त वीज खाऊ शकतात.

खरा आकडा आहे वर्षाला लागणाऱ्या युनिटांचा. समजा, एका फ्रीजवर 180 युनिट लिहिलंय आणि तेवढ्याच आकाराच्या दुसऱ्यावर 230. फरक वर्षाला 50 युनिटांचा. युनिटला दहा रुपये धरले तर पाचशे रुपये. किमतीतला फरक अडीच-तीन हजार असेल तर पाच-सहा वर्षांत वसूल होतो आणि फ्रीज त्याहून बराच जास्त चालतो. फरक आठ हजार असेल तर ते तारे बिलासाठी घेतले, असं मनाला समजावू नका. दर कोणता धरायचा हेही महत्त्वाचं. महावितरणचे घरगुती दर टप्प्यांचे आहेत: पहिल्या 100 युनिटांना एक, 101 ते 300 ला त्याहून चढा, पुढे आणखी चढा. फ्रीजने वाचवलेलं युनिट आपल्या बिलातल्या सर्वांत वरच्या टप्प्यातून कमी होतं. म्हणून महिन्याला 90 युनिट जाळणाऱ्या घरापेक्षा 350 जाळणाऱ्या घराला चांगला फ्रीज लवकर परवडतो. आपलं मागचं बिल काढून हा हिशेब करायला पाच मिनिटं पुरतात.

वीज, ऊन आणि थंडी

फ्रीजवर 'इन्व्हर्टर' लिहिलेलं असतं त्याचा घरातल्या बॅटरीच्या इन्व्हर्टरशी संबंध नाही. वीज गेली की तो फ्रीजही बंदच पडतो. इथे अर्थ एवढाच की कॉम्प्रेसर गरजेप्रमाणे वेग कमी-जास्त करतो. जुन्या पद्धतीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण वेगाने चालतो, नाही तर बंद होतो. प्रत्येक वेळी सुरू होताना जोराचा धक्का देऊन जास्त वीज ओढतो. इन्व्हर्टरचा कॉम्प्रेसर हळू आणि जास्त वेळ चालतो, आवाज कमी करतो, आणि सुरू होतानाचा झटका नसल्यामुळे घरच्या बॅटरीवरही तो सोपा जातो. दोघांच्या किमतीत फार अंतर नसेल तर इन्व्हर्टरच घ्यावा. एक अट मात्र आहे. तो इलेक्ट्रॉनिक सर्किटवर चालतो आणि ते सर्किट चढ-उताराला नाजूक असतं. "स्टॅबिलायझरची गरज नाही" या वाक्यापुढे व्होल्टचा पल्ला दिलेला असतो. तो वाचा आणि आपल्या घरी संध्याकाळी व्होल्टेज कुठवर उतरतं ते वायरमनकडून मीटर लावून पाहून घ्या. गावात शेतीपंप सुरू झाले की दिवे मिणमिणतात हे ज्यांना रोज दिसतं, त्यांनी कंपनीच्या वाक्यावर न राहता स्टॅबिलायझर लावावा. वळवाच्या गडगडाटात प्लग काढून ठेवणं हा उपाय फुकटचा आहे.

दुकानात कुणी सांगत नाही अशी एक खूण फ्रीजच्या आतल्या किंवा मागच्या पट्टीवर असते: हवामान वर्ग. 'एन' म्हणजे भोवतालचं तापमान 16 ते 32 अंश, 'एसटी' म्हणजे 38 पर्यंत आणि 'टी' म्हणजे 43 पर्यंत. नागपूर, चंद्रपूर, अकोला या भागांत मे महिन्यात बाहेरचा पारा 45 च्या घरात जातो. पत्र्याखालच्या किंवा पश्चिमेच्या भिंतीच्या स्वयंपाकघरातही उकाडा कमी नसतो. तिथे 'टी' वर्गच हवा आणि शेगडीपासून, उन्हाच्या खिडकीपासून फ्रीज लांब हवा. उलट टोक निफाडचं. तिथे हिवाळ्यात पारा दहाच्या खाली उतरतो. खोली फार गार झाली की एकच थर्मोस्टॅट असलेल्या फ्रीजची मोटार कमी चालते आणि फ्रीजरमधलं पुरतं गोठत नाही. तो बिघाड नसतो.

आतल्या वायूबद्दल थोडंसं. पूर्वी आर-12 असायचा. ओझोनच्या थराला तो घातक ठरला आणि 1987 च्या माँट्रियल करारानंतर जगभर हद्दपार होत गेला. मग आर-134ए आला. आता बहुतेक नव्या फ्रीजमध्ये आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन असतो. तापमानवाढीला तो जवळजवळ हातभार लावत नाही, पण ज्वलनशील आहे. भरलेला असतो काही ग्रॅमच, त्यामुळे रोजच्या वापरात भीती नाही. मात्र गॅसची नळी जोडायला कोपऱ्यावरचा कुणीही बोलावू नका. हा वायू हाताळायचं शिक्षण घेतलेलाच माणूस हवा.

दाराची रुंदी, जिन्याचं वळण

जागा मोजताना फक्त फ्रीज बसतो का एवढंच पाहून चालत नाही. मागे आणि बाजूंना हवा खेळायला माहितीपुस्तकात सांगितलेली जागा सोडावी लागते. हल्ली उष्णता बाहेर टाकणाऱ्या नळ्या बहुधा बाजूच्या पत्र्याआड असतात, म्हणूनच फ्रीजच्या बाजू गरम लागतात. त्यावर प्लास्टिकचं आवरण चढवणं म्हणजे मे महिन्यात त्याला स्वेटर घालणं. दार नव्वद अंशांच्या पुढे उघडलं नाही तर भाजीचा ड्रॉवर पूर्ण बाहेर येत नाही. बहुतेक मॉडेलांत बिजागरी उजवीकडे असते. तुमच्या ओट्याच्या मानाने दार उलट्या बाजूला उघडणार असेल तर प्रत्येक वेळी वळसा पडेल. मुंबई-पुण्याच्या फ्लॅटमध्ये घराचं दार, लिफ्ट आणि जिन्याचं वळण तिन्ही मोजा. शेजारी-शेजारी दोन दारांचे फ्रीज सुमारे 90 सेंटिमीटर रुंद असतात. ते पुष्कळ दारांतून फ्रीजची दारं उतरवल्याशिवाय आत जात नाहीत, आणि ती कोण उतरवणार हे पैसे देण्याआधी ठरलेलं बरं. या प्रकारच्या फ्रीजमध्ये प्रत्येक बाजू अरुंद असते. सहाशे लिटर घेऊनही लग्नातलं मोठं पातेलं आडवं बसत नाही.

दारावरच्या करामतींवर मी फार वेळ घालवणार नाही. पाण्याचा नळ नियमित धुणार असाल तर घ्या, नाही तर नको. वायफाय नको. काचेच्या दारावर बोटांचे ठसे उमटतात आणि लोहचुंबक नीट चिकटत नाहीत, मग दुधाचा हिशेब लावायचा कुठे? समुद्राजवळ राहत असाल तर खालच्या पत्र्याला गंज धरतो. साध्या प्लास्टिकच्या स्टँडवर फ्रीज ठेवला की फरशी पुसतानाचं पाणी लागत नाही.

कंपनी कुठली?

हा प्रश्न सगळे आधी विचारतात, मी मुद्दाम शेवटी घेतला. गोदरेजने 1958 मध्ये भारतात फ्रीज बनवायला सुरुवात केली. आज त्यांचा एक कारखाना सातारा जिल्ह्यात शिरवळला आहे. एलजी, व्हर्लपूल आणि हायर यांचे कारखाने पुण्याजवळच्या रांजणगावात आहेत. नाव कुठल्याही देशाचं असो, पुष्कळ फ्रीज आपल्याच महामार्गावरून येतात. देशी-परदेशी वादात शिरण्याऐवजी आपल्या तालुक्याला कुणाचा मेकॅनिक दोन दिवसांत येतो ते शोधा. शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारा. दुकानदारापेक्षा दुरुस्तीवाला खरं सांगतो, कारण कुठल्या मॉडेलाचे भाग मिळत नाहीत हे त्याला पाठ असतं.

"दहा वर्षं वॉरंटी" हे बहुधा फक्त कॉम्प्रेसरच्या भागापुरतं असतं. त्या दहा वर्षांत गॅस भरणं, मजुरी, येण्याजाण्याचा खर्च कुणाचा, आणि इन्व्हर्टरच्या सर्किटला, म्हणजे पीसीबीला, किती वर्षं, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर कार्डावर छापलेलं दाखवायला सांगा. पाडवा, अक्षय्य तृतीया, दसरा-दिवाळीला सवलती असतात, पण घरपोच करणारे आणि डेमो देणारे त्याच दिवसांत सर्वांत गर्दीत असतात. आधीच्या आठवड्यात किंमत लिहून ठेवली तर सणाची सवलत खरी की छापील, तेही कळतं.

फ्रीज घरी आला की सही करण्याआधी खोका उघडून चारही बाजू पाहा. आडवा झोपवून आणला असेल तर काही तास उभा ठेवून मगच सुरू करा, म्हणजे कॉम्प्रेसरचं तेल जागेवर येतं. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नका. अर्थिंग असलेल्या स्वतंत्र सॉकेटला जोडा. पुढचे पाय किंचित उंच ठेवले तर दार आपलं आपण लागतं. मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर ठेवून सकाळी पाहा: 3 ते 5 अंश असेल तर ठीक. फ्रीजरला उणे 18 पुरतात. पहिल्या दिवसात पाणी वाहिल्यासारखा किंवा कडकड आवाज आला तर घाबरू नका, पण दारात कागदाची पट्टी अडकवून रबर सगळीकडून घट्ट बसतंय का ते मात्र बघा.

राहिला जुना फ्रीज. "असू दे, पाहुणे आले की लागेल" म्हणून तो गॅलरीत सुरू ठेवला तर नव्याने वाचवलेली सगळी वीज तो खाऊन टाकतो. एक्स्चेंजमध्ये द्या. ई-कचऱ्याच्या नियमांत फ्रीज येतो आणि असा कचरा मार्गी लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. ई-कचऱ्याच्या संकलन केंद्राकडेही देता येतो. नळ्या तोडून तांबं काढणाऱ्या भंगारवाल्याला देऊ नका, कारण आतला वायू तेव्हा हवेत जातो. आणि तो उचलला जाईपर्यंत अंगणात किंवा जिन्याखाली पडून राहणार असेल, तर त्याचं दार बिजागरीपासून काढून वेगळं ठेवा. लपाछपी खेळणारी मुलं आत शिरली तर त्यांना ते दार आतून उघडता येईलच असं नाही.